खिळा

कोर्ट नाक्याजवळ, तिसऱ्या मजल्यावर,
माझ्या टेबलामागच्या भिंतीत एक खिळा आहे.
सात वर्षं त्यावर काही टांगलेलं नाही.

आधी तिथे गणपती होता.
मीच आणलेला, जांभळी नाक्यावरून, काच-चौकटीसकट.
मंगळवारी जास्वंद. उदबत्तीची राख
लग्नांच्या अर्जांवर पडायची, मी फुंकर मारायचे.
संकष्टी मी आजही धरते.
तो भाग वेगळा.
किंवा तोच भाग.

शलाका केणी आणि इम्तियाज मुकादम अर्ज घेऊन आले,
तेव्हा शलाकाने सवयीने फोटोला हात जोडले
आणि इम्तियाज नुसता उभा राहिला.
हातांचं काय करावं ते त्याला कळेना.
पेनाचं टोपण काढलं, परत लावलं,
परत काढलं.
परक्याच्या दारात चपला कुठे काढायच्या
असं विचारल्यासारखा चेहरा.
मी शिक्का शोधत राहिले, तो समोरच होता.

संध्याकाळी फोटो ओढणीत गुंडाळला,
कळव्यापर्यंत रिक्षात मांडीवर धरून आणला.
दुसऱ्या दिवशी गाडेकरसाहेब म्हणाले,
‘घरतबाई, देव कुठे गेला?’
‘घरी नेला, साहेब. इथे त्याचं पद मंजूर नाही.’
हसले.
मग पंधरा दिवस हसले नाहीत.
चहा माझ्या टेबलावर सगळ्यांत शेवटी यायला लागला,
साय धरलेला.

पण नोटीस लावावीच लागते, तीस दिवस.
नावं, वयं, राहण्याचे पत्ते.
मीच लावते. चार टाचण्या, चार कोपरे.
मग कुणी कुणाचे नसलेले तरुण जिना चढून येतात,
मोबाइल वर धरतात,
आणि ‘थँक्यू मावशी’ म्हणून जातात.
अकराव्या दिवशी केण्यांच्या अंगणात चाळीस माणसं उभी होती.
भिंत रिकामी करता आली मला.
तो फलक कसा करू?

तरी लग्न झालं. तीन साक्षीदार, एक पेढ्यांचा पुडा.
महिन्याभराने दोघं दाखल्याच्या प्रतीसाठी आली.
घोडबंदरला घर बघत होती.
एजंट फोनवर म्हणे, ‘पूर्ण नाव सांगा ना, पूर्ण.’
पूर्ण सांगितलं.
मालकाचा भाऊ त्याच संध्याकाळी
अमेरिकेहून कायमचा परत यायचा ठरला.
‘पाचवा भाऊ, काकू,’ शलाका हसत म्हणाली,
‘विमानं कमी पडतील.’

माझी कल्पिता तिकडेच असते, ओहायोत.
परवा रात्री तिने फोन निहारकडे दिला. नऊ वर्षांचा आहे.
सरकारी शाळा, फुटबॉलचा सराव.
खेळाआधी सर सगळ्यांना गोल करून गुडघ्यांवर बसवतात,
डोळे मिटून त्यांच्या देवाचं काहीतरी म्हणतात.
याला सांगितलं, तू नाही बसलास तरी चालेल.
चालेल.
म्हणजे सगळे बसलेले, आणि हा
पाण्याची बाटली धरून एकटा उभा.
‘आजी, मी कुठे बघू?’

मी म्हटलं, मैदान सरकारचं आहे ना, मग तुझंपण आहे.
डोळे उघडे ठेव. समोर बघ.
म्हणाला, ‘समोर तेच आहेत.’

मग कल्पिताने फोन घेतला,
इकडे ऊन किती, तिकडे बर्फ किती, एवढंच बोललो.

आज नवी मुलगी रुजू झाली माझ्या हाताखाली, प्राजक्ता सोनटक्के.
पहिल्याच दिवशी तिने दप्तर अडकवायला जागा शोधली.
‘मॅडम, हा खिळा कशाचा?’
कशाचाच नाही, म्हटलं.
तिने दप्तर खाली, पायाशी ठेवलं,
मी सांगितलं नसताना.

पावणेअकराला दोन अर्ज आले.
फलकाची किल्ली माझ्याच कमरेला असते.
काच सरकवली.
पहिली टाचणी वाकडी लागली, काढली,
परत लावली.